वारंगुळा

साडेचारला म्हैस दाव्याला हिसका देते. कोठ्याची आणि आमच्या निजायच्या खोलीची भिंत एकच, त्यामुळे खुंट्याचा कर्र आवाज थेट उशीत येतो. लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं, सवय झाली की ऐकू येणार नाही. एकवीस वर्षं झाली. ऐकू येतोच. उलट एखाद्या दिवशी आला नाही तर मी दचकून उठते, कारण म्हैस गप्प म्हणजे काहीतरी बिघडलं.

कारंजा (घाडगे) तालुक्यात आमचं गाव. नागपूर-अमरावती हमरस्ता सोडून डोंगराच्या अंगाला आत यायचं. अडीच एकर कोरडवाहू वावर, घरामागे सांदवाडी, कोठ्यात दोन गवळाऊ गाई, एक म्हैस, सहा-सात शेळ्या, डाल्यात मावतील तेवढ्या कोंबड्या. आणि मंगळ्या. हा चांदी गाईचा गोऱ्हा. गेली साडेतीन वर्षं घरात दुधाच्या, ढेपीच्या, कुटाराच्या गोष्टी कुठूनही सुरू झाल्या तरी शेवटी त्याच्यावर येऊन थांबायच्या: याचं करायचं काय?

पण आधी शेण. सकाळचं पहिलं काम तेच, आणि माझी पहिली फजितीही तिथलीच. मी वर्धा शहरातली मुलगी. हात घालायचा नाही म्हणून फावडं घेऊन गेले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. "हातानं उचल वो माय. फावडं भुई खाते." मला वाटलं, नव्या सुनेची परीक्षा. महिन्याभरात कळलं की बाई अगदी हिशेबाचं बोलल्या होत्या. कोठ्याची भुई मुरमाची. फावड्यानं रोज थोडा थोडा मुरूम खरवडला जातो, खड्डा पडतो, खड्ड्यात मूत साचतं, तिथंच म्हैस बसते आणि कासेला घाण लागते. हातानं मात्र पो अल्लद उचलला जातो. दोन्ही तळवे खालून सरकवायचे, कडेनं बोटं वळवायची आणि टोपल्यात उलटा टाकायचा. भुई तशीच राहते.

शिवाय हाताला बातमी कळते. सोयाबीनचं कुटार जास्त झालं की शेणात काड्या आखूड आणि बोचऱ्या लागतात. मृगानंतर कोवळं गवत खाल्लं की शेण हातात धरवत नाही. शेळीच्या लेंड्या सुट्या सुट्या टणक पडल्या तर ठीक; एकमेकींना चिकटून आल्या की त्या शेळीला त्या दिवशी कळपाबरोबर सोडायचं नाही. डॉक्टर आले की पहिला प्रश्न हाच विचारतात, शेण कसं पडतंय. त्याचं उत्तर फावड्याकडे नसतं.

टोपली उकंड्यावर, थोडं गोवऱ्यांसाठी बाजूला, मूठभर सड्याला. मग गव्हाणी झाडून ओली चुनी आणि ढेप. ढेप भिजवलेली असली पाहिजे. कोरडी टाकली की म्हैस फुंकर मारून निम्मी उडवते आणि वर माझ्याकडे बघते.

मग दूध. म्हशीचं काही नाही, ती व्यवहारी बाई आहे. समोर ढेप आली की पान्हा सोडते. गवळाऊ तशी नव्हे. तिला आधी वासरू लागतं. वासरानं चारही सडांना तोंड लावायचं, दोन-चार ढुशा द्यायच्या, मग कास ताणते आणि सड ओले दिसतात. त्या क्षणी वासराला ओढून तिच्या पुढच्या पायाशी बांधायचं, म्हणजे तिला ते चाटता येतं, आणि चरवी गुडघ्यात धरून बसायचं. या सगळ्याला तीन मिनिटं लागतात आणि ती तीन मिनिटं घाई केली तर ती दूध वर चढवते. मग तासभर ओढा, थेंब नाही. अंगठा मुडपून ओढायची इथली रीत. मी मुठीनं काढते, सडाला त्रास कमी होतो. सासूबाईंना ते पटलं नाही, पण त्या काही बोलल्या नाहीत. न बोलणं हीच त्यांची संमती असायची.

एवढं करून चरवीत येतं काय? सकाळी दीड लिटर, संध्याकाळी त्याहून कमी. पुस्तकात गवळाऊ गाईचं एका वेताचं दूध सरासरी सहाशे किलोच्या आसपास दिलेलं असतं. आमची चांदी पुस्तकाप्रमाणे वागते. संकलन केंद्रावर भाव फॅट आणि एसएनएफ बघून लागतो, तिथं म्हशीचंच दूध भाव खातं. खरं सांगायचं तर आमच्या घरात गाईंचं पोट म्हैस भरते.

मला यात गंमत वाटते, कारण मी गाईच्या दुधाच्या गावात वाढले. वर्ध्यात पाहुण्याला गोरसपाक देतात. गाईच्या तुपातला तो खुसखुशीत पदार्थ गोरस भांडारातून आणायचा. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे महिने गोसेवेला वाहिले होते, गोपुरीत झोपडी करून ते राहिले आणि ११ फेब्रुवारी १९४२ ला गेले, हे आम्हाला शाळेत असल्यापासून माहीत. गोसेवा संघाच्या सदस्यानं गाईचंच दूध-तूप वापरायचं, असा नियम होता. तिकडे सेवाग्रामला गांधीजी स्वतः शेळीचं दूध घेत. वडील हे हसत हसत सांगायचे: गाय वाचवायची चळवळ आणि पेल्यात शेळी. आज माझ्या कोठ्यात तिन्ही आहेत. गाय मायेची, म्हैस पैशाची, आणि शेळी अडीनडीची. दवाखाना निघाला की आधी बोकड जातो.

शेळीचं आणखी एक काम अलीकडे निघालं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्यानंतर कृषी विभागाचा सल्ला असतो की शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटीत शेळ्या-मेंढ्या सोडा, म्हणजे अळी लागलेली बोंडं त्या खाऊन टाकतील. पूर्वी आमच्या शेळ्या कुणाच्या वावरात शिरल्या तर भांडण व्हायचं. आता फेब्रुवारीत माणसं निरोप धाडतात, शेळ्या पाठवा.

तर गवळाऊ गाय दूध देत नाही, मग ठेवायची कशाला? हा प्रश्न मला माहेरचे दरवेळी विचारतात. उत्तर असं की ही जात दुधासाठी नव्हतीच. गवळाऊचा बैल हलक्या हाडाचा, लांब पायाचा, पांढरा ते राखी रंगाचा. डोकं अरुंद, कपाळ सपाट, शिंगं आखूड. जड ओढायचं काम त्याचं नव्हे, पळत न्यायचं काम त्याचं. मराठ्यांच्या फौजांचं सामान या डोंगराळ मुलखातून वेगानं हलवायला ही जनावरं उपयोगी पडली, असं पशुविज्ञानाच्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. फौजा गेल्या तरी रेंगी-दमणीला, बंडीला, वखर-डवऱ्याला हेच बैल. आमच्या भागातल्या नंद गवळी लोकांनी डोंगराच्या चाऱ्यावर ती जात राखली, आमच्याच तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी प्रक्षेत्रावरही ती राखतात. म्हणजे गाय पाळायची ती गोऱ्ह्यासाठी. दूध ही वरकमाई.

आता बंडीची जागा ट्रॅक्टरनं आणि रेंगीची मोटरसायकलनं घेतली. ज्याच्यासाठी गाय पाळली तोच नको झाला.

मंगळ्या झाला तो २०२१ च्या दिवाळीनंतरच्या मंगळवारी. रात्री दोनला चांदी उठबस करायला लागली. मी आणि हे कंदिलासारखी बॅटरी टांगून बसलो. आधी दोन खूर, मग त्यावर टेकवलेलं नाक. अर्ध्या तासात तो भुईवर होता, ओला, वाफाळलेला. यांनी तोंडातला चिकटा बोटानं काढला, मी कोरड्या पोत्यानं अंग चोळलं. मग यांनी शेपटी उचलून पाहिलं आणि म्हणाले, "गोऱ्हा हाये." सासूबाईंच्या जमान्यात या शब्दावर गूळ वाटला असता. आम्ही दोघंही गप्प. चांदी तेवढी चाटत होती.

सकाळी चीक काढून खरवस केला, पाच घरी पोचवला. नाव सासूबाईंनी वारावरून ठेवलं. त्याच थंडीत त्या गेल्या. कोठ्याची किल्ली म्हणावी तर कोठ्याला दार नाही, पण त्या दिवसापासून निर्णय माझ्याकडे आले.

कालवड असती तर प्रश्नच नव्हता. गोऱ्हा विकायचा तर घेणारा हवा. २०१५ पासून राज्यात बैल-गोऱ्ह्यांच्याही कत्तलीला बंदी आहे. मी त्या वादात पडत नाही; माझ्या हातानं मी त्याला तिकडे धाडलंही नसतं. पण बाजारात काय झालं ते सांगते. म्हातारं जनावर विकून त्यात भर घालून तरुण जनावर आणायचं, ही जी साखळी होती तिची एक कडी तुटली. जे शेवटी विकता येणार नाही ते जनावर लोक सुरुवातीलाच घेईनात. मग काही जण रात्री जनावर हमरस्त्याच्या कडेला नेऊन सोडतात. सकाळी कुणाच्या तरी वावरात पाच-सहा बेवारस गोऱ्हे उभे. रोही आणि रानडुकरांची जागल करता करता आता यांचीही करावी लागते. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हणून जाहीर केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये मंजूर केले. बातमी वाचून मी चांदीकडे पाहिलं. ती गोशाळेत नाही, माझ्याकडे आहे. म्हणून तिचे पन्नास माझे मलाच काढायचे.

आणि खायला घालणं सोपं राहिलं नाही. यांना लग्नाआधीचं आठवतं, तेव्हा घरची ज्वारी असायची. ज्वारी म्हणजे वर माणसाचं, खाली जनावराचं. कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवल्या की उन्हाळा निघायचा. सोयाबीन आलं आणि ज्वारी गेली. आता कुटारावर भागवायचं. त्यातही प्रत आहे. तुरीचं कुटार सगळ्यांत आवडीचं, हरभऱ्याचं आंबूस पण चालतं, सोयाबीनचं पोट भरण्यापुरतं. मळणीच्या दिवशी दाणे पोत्यात भरायला घरची माणसं, आणि कुटार गोळा करायला मी एकटी. नाकाला ओढणी, डोळ्यात तूस, आणि पाऊस येतो का म्हणून वर लक्ष. एकदा भिजलं की बुरशी. दोन वर्षांपूर्वी अवकाळीत अर्धं कुटार काळं पडलं. तेव्हा हे उघड बोलले: "गोऱ्हा काढाव लागते."

काढायचा प्रयत्न आम्ही त्याआधीही केला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला बाजारात न्यायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात लम्पीनं बाजार बंद झाले. नुसते बंद झाले असते तर बरं होतं. आजार घरात आला. आधी त्यानं चारा सोडला, मग मानेवर हाताला गाठी लागल्या, तिसऱ्या दिवशी पाठ, पोट, सगळीकडे. शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचत होते. आमच्याकडे ती पोचली, पण मंगळ्याला ताप भरल्यावर. त्याला सांदवाडीत चिंचेखाली वेगळा बांधला. रोज दोनदा कडुनिंबाचा पाला उकळून कोमट पाण्यानं अंग पुसायचं, फुटलेल्या गाठींना हळद आणि तेल, संध्याकाळी निंबाच्या पाल्याचा धूर. हळद वायगावची, समुद्रपूरकडच्या नात्यातून आलेली. मानांकन मिळालेली ती पिवळीजर्द हळद मी वर्षभर जपून वापरते, त्या महिन्यात सगळी त्याच्या अंगावर गेली. मागचा उजवा पाय गुडघ्याखाली सुजून खांबासारखा झाला. बाविसाव्या दिवशी त्यानं माझ्या हातातली भाकरी ओढली. मी तिथंच चिखलात बसले.

पायाची सूज उतरली, पण चालीत किंचित ओढ राहिली. ती आम्हाला दिसत नव्हती. दिसली ती शंकरपटवाल्याला. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींचा कायदा उचलून धरला आणि पटाच्या शौकिनांना गवळाऊची आठवण झाली. मोटरसायकलवर दोघं आले. मंगळ्याला अंगणात फिरवायला लावलं, खांदा दाबला, शेपटीचा गोंडा पाहिला. त्यांनी पहिला आकडा सांगितला तो ऐकून माझं मन लगेच हललं, हे लपवत नाही. त्यात कोठ्यावरचे टिन बदलले असते. मग त्यातला वयस्क माणूस खाली बसला, मागच्या पायावरून हात फिरवला आणि विचारलं, "याचा पाय सुजला व्हता का वो?" मी हो म्हणाले. चहा घेऊन ते गेले. हे रात्री जेवताना म्हणाले, "नाई म्हणाची व्हती." मी म्हटलं, त्याच्या हाताला कळलं होतं, विचारलं ते फक्त रीत म्हणून.

वारंगुळा हा शब्द मी पुस्तकात कधी वाचला नव्हता. तो गायकीमामांकडून कळला. मामा म्हणजे गावचा जुना गायकी. सकाळी नऊला आखरावर शिट्टी वाजली की घराघरातून ढोरं निघायची, मामा त्यांना झुडपी जंगलात नेऊन संध्याकाळी धुळीसकट परत आणायचे. महिन्याला जनावरामागे पैसे आणि सणाला पायली. आता ढोरंही कमी, चरायला जागाही कमी, आणि बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूनं वाघ फिरतो म्हणून जायची हिंमतही कमी. मामांच्या पोरांनी ते काम घेतलं नाही. मामांकडे एकच बैल उरला; जोडीतला दुसरा सर्पदंशानं गेला. एका बैलाचा काही उपयोग नाही. आणि नवीन घ्यायची ऐपत नाही.

मागच्या हिवाळ्यात मंगळ्याला डॉक्टरांनी चिमटा लावून खच्ची केलं, वेसण घातली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मामा ओट्यावर येऊन बसले. "सूनबाई, माह्या बैलाले जोडी नाई, तुमच्या गोऱ्ह्याले काम नाई. वारंगुळा करू." एक बैल त्यांचा, एक आमचा. चारा ज्याचा त्यानं घालायचा, एक दिवस त्यांचं वावर, एक दिवस आमचं, मधल्या दिवशी तिसऱ्याचं काम मिळालं तर मजुरी अर्धी अर्धी. कागद नाही, सही नाही. मी विचारलं, पाय? मामा म्हणाले, "डवऱ्याले पऱ्हाव लागत नाई. हळूच चालाव लागते."

हे मला आधी का सुचलं नाही? पेरणी, नांगरणी, मळणी ट्रॅक्टर करून देतो. पण कपाशी गुडघ्याला आली की तासातून डवरा घालायला अजून बैलच लागतो. तिथं वेगापेक्षा सरळ चालणं महत्त्वाचं. जुलैत डवरणीच्या दिवसांत बैलजोडी भाड्यानं मागायला माणसं तीन-तीन गावं फिरतात. वर्षातले दोन महिने ज्याला सगळे शोधतात, उरलेले दहा महिने तो कुणाच्या कोठ्यात उभा असतो, हे कुणी विचारत नाही.

मामांनी पाच महिने शिकवलं. आधी नुसतं जू खांद्यावर ठेवून उभं राहायचं. मग मागे बाभळीचा ओंडका बांधून रिकाम्या वावरात चक्कर. मंगळ्या पहिल्या दिवशी बसला तो उठेना. मामांनी तुतारीची काठी बाजूला ठेवली, त्याच्या शेजारी बसले आणि बिडी पेटवली. बिडी संपली तेव्हा तो आपणहून उठला. म्हातारा बैल मधून मधून मान त्याच्या अंगावर टाकून त्याला तासात ढकलायचा. निम्मं शिक्षण त्यानंच दिलं. मी शिदोरी घेऊन जायचे आणि धुऱ्यावर उभी राहून बघायचे. गुरं राखण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला जनावरावर ओरडावं लागत नाही. मी मात्र म्हशीवर रोज ओरडते.

यंदा जुलैत पाऊस उघडला त्या दिवशी पहिलं डवरं धरलं. पहिला मान मामांच्या वावराचा, दुसरा दिवस आमचा. दोरीचं मुसकं मी घरीच विणलं होतं, पिकाला तोंड लावू नये म्हणून. मंगळ्याच्या खांद्याला लोणी चोळलं. मामा मागे, कासरा हातात, हे पुढच्या टोकाला. तासाच्या दोन्ही बाजूंनी कपाशी आणि मधून दोन बैल, एक राखी, एक पांढरा. चिखल अजून ओलाच होता. उजवा मागचा पाय जिथं पडायचा तिथं खुराच्या ठशाच्या कडेला एक बारीक रेघ ओढलेली. बाकी ठसे स्वच्छ. मी ती रेघ पार धुऱ्यापर्यंत बघत गेले.

दुपारपर्यंत पाऊण एकर झालं. शेवटच्या तासात माझ्या विणीची गाठ सुटली आणि त्यानं वळणावर कपाशीची चार झाडं शेंड्यासकट खाल्ली. हे चिडले. मामा म्हणाले, "खाऊ द्या न बाप्पा, त्याचंबी वावर हाये."

संध्याकाळी म्हशीच्या आधी त्याला ढेप घातली. म्हशीनं खुंटा उपटायचा बाकी ठेवला. मुसकं धुऊन वळचणीला टांगलं. गाठ नव्यानं मारायची आहे, सकाळी मामांकडे जायचंय त्याला.